त्या सुगीतली टिकटिक

डहाणूजवळच्या मसोलीच्या रस्त्याने सकाळी फिरायला निघाले की या दिवसांत नव्या पेंढ्याचा वास येतो. ऊन अजून कोवळं असतं, कुंपणापलीकडे चिकूची झाडं दवाने ओली असतात आणि मध्येच एखाद्या खाचरात कापलेलं भात आडवं पडलेलं दिसतं. खाचरं आता थोडीच उरली आहेत. तरी वास येतो तो येतोच. लोकांना या वासाने भूक लागते, सण आठवतो. माझी पावलं आपोआप भराभर पडू लागतात. वय झालं, ज्या माणसांसाठी मी तेव्हा घाबरले होते त्यांतली बरीचशी गेली, पण शरीराला ते अजून कळलेलं नाही. त्याला वास आला की ते घाबरून घेतं.

ती सुगी साठच्या दशकाच्या सुरुवातीची. मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन फार काळ झाला नव्हता. उंबरगाव तिकडे गुजरातेत गेलं, डहाणू-तलासरी इकडे महाराष्ट्रात राहिलं, आणि बाजारात मात्र सगळे पूर्वीसारखेच अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलत होते. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर घर दादावर आलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ वसंत. डहाणू रोड स्टेशनाच्या बाहेर त्याचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. माझं बी.एस्सी.पर्यंतचं शिक्षण त्यानेच केलं. मुलीला एवढं शिकवून काय करणार, असं लोक विचारत, तेव्हा तो भिंग डोळ्याला लावूनच बसलेला असे आणि मान वर न करता म्हणे, तिचं ती बघेल.

आणि मग मला ती नोकरी लागली. किनाऱ्याने खाली दक्षिणेला अणूपासून वीज करणारं केंद्र उभं राहायचं होतं. ते उभं राहण्याआधी इथल्या मातीत, पाण्यात, दुधात, भातात किरणोत्सार मुळात किती आहे ते मोजून ठेवायचं, म्हणजे पुढे कधी वाढला तर कळेल, असं ते काम. शिवाय त्या वर्षांत दूरच्या देशांत बॉम्बच्या चाचण्या चालल्या होत्या. त्यांची धूळ वर आभाळात फिरते आणि पावसाबरोबर कुठेही खाली येते, असं वर्तमानपत्रांत यायचं. आमच्यावरही येत असेल का, तेही बघायचं होतं. स्टेशनच्या पूर्वेला एक बैठा बंगला भाड्याने घेतला होता. त्यात एक भट्टी, एक तराजू, आणि मागच्या खोलीत शिशाच्या विटांच्या, पुढून उघड्या घरात बसवलेलं मोजणी यंत्र. भात असो की दूध, भट्टीत जाळून त्याची राख करायची, राख नाण्याएवढ्या थाळीत पसरायची आणि थाळी यंत्राखाली सरकवायची. मग आतून आवाज यायचा. टिक. थोड्या वेळाने, टिक टिक. पुन्हा शांत. जगात प्रत्येक वस्तूत थोडं काहीतरी असतंच, म्हणून रिकाम्या थाळीलाही यंत्र अधूनमधून टिकटिकायचं. रोज सकाळी पहिलं काम, रिकामी थाळी मोजायची. तो त्या दिवसाचा पाया. त्याच्या वर जे येईल ते नमुन्याचं.

तिथल्या मुख्य नाडकर्णीबाई. मुंबईहून आलेल्या, पस्तिशीच्या, जाड काठाची सुती साडी नेसणाऱ्या, बोलायला मोजक्या. परदेशात शिकून आल्या होत्या पण ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, की या कामात दोन तऱ्हेची माणसं नकोत. एक, न घाबरणारी. दुसरी, मोजायच्या आधी घाबरणारी. मी दुसऱ्या तऱ्हेची होते. मी ते लपवलं.

सुगी सुरू झाली आणि आम्ही जीपमधून तलासरीकडच्या पाड्यांवर जाऊ लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताच्या गंजी, स्टेशनात गवताच्या गासड्यांनी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी, सगळीकडे पिवळा प्रकाश. प्रत्येक पाड्यावरून थोडं नवं भात, थोडं दूध, विहिरीचं पाणी. एका वारली बाईने सूप आमच्या पिशवीत रिकामं केलं आणि तिच्या बोलीत विचारलं, की भात चांगलं दिसतंय, वास चांगला आहे, मग तुम्ही त्यात शोधता काय?  जे दिसत नाही, ज्याला वास नाही, असं काही आहे का ते बघतो, असं मी कसंबसं सांगितलं.  तिने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, आमच्यापासून लांबच्या. परतताना जीपमध्ये मला वाटत राहिलं, आपण भात आणलं पण तिथे भीती ठेवून आलो.

त्याच आठवड्यात नाडकर्णीबाई म्हणाल्या की मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत शिकाऊ संशोधकांच्या जागा निघणार आहेत. नवी यंत्रं येतायत, ती चालवायला शिकलेली माणसं देशात नाहीत, आणि बाईमाणसाला तिथे मज्जाव नाही. सुगीचं काम नीट पार पडलं तर त्या माझं नाव पाठवणार होत्या. मी घरी आले ती जवळजवळ धावत. दादाने ऐकलं, भिंग काढलं, आणि हसला. वहिनीने माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, तिकडे गेल्यावर आम्हाला विसरू नका." तिची छबी, दहा महिन्यांची, ओट्यावर रांगत होती. मी तिला उचलून गोल फिरवलं. घरातला तो शेवटचा बिनघोर दिवस.

थोड्याच दिवसांनी रिकामी थाळी जास्त टिकटिकू लागली.

पहिल्या सकाळी मला वाटलं, थाळी नीट धुतली गेली नाही. पुन्हा धुतली. दुसरी घेतली. आवाज तसाच, दाट. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाढलेलं. नाडकर्णीबाईंनी खिडक्या बंद करायला लावल्या, छपरावरची धूळ गोळा करून मोजली. धुळीत विशेष काही नव्हतं. त्या कपाळाला आठी घालून म्हणाल्या, कुठेतरी मोठा स्फोट झाला असेल आणि आपल्याला अजून कळलं नसेल. ते वाक्य ऐकून मी अंगणात आले आणि आभाळाकडे पाहिलं. निळंभोर, एक घार फिरत होती. त्या आभाळाची मला जन्मात प्रथमच भीती वाटली.

पण आभाळ नव्हतंच ते. एका दुपारी बाई तहसील कचेरीत गेल्या होत्या. मी यंत्र चालू ठेवून मागच्या आंब्याखाली डबा खायला गेले. येऊन पाहते तर मधल्या काळातली मोजणी अगदी नेहमीसारखी, कमी. मी खुर्चीवर बसले, आणि माझ्यादेखत टिकटिक दाट झाली. मी उठून दारापर्यंत गेले. आवाज विरळ झाला. परत आले, पुन्हा दाट. तीनदा गेले, तीनदा आले. यंत्र मला ओळखत होतं.

त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला शब्द शोधावे लागतात. किंचाळावंसं वाटलं नाही. फक्त हात स्वतःचे वाटेनात. ते मांडीवर पडले होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते, कुणी दुसऱ्याने विसरून ठेवल्यासारखे. एवढे दिवस मी दुसऱ्यांच्या भातात जे शोधत होते ते माझ्यातच होतं, असं मला वाटलं. केव्हा शिरलं, कुठून शिरलं, किती, काही ठाऊक नाही.

घरी येऊन विहिरीवर घासून घासून अंघोळ केली. कातडी लाल झाली. आईने विचारलं, संध्याकाळची कसली ही अंघोळ? मी काहीतरी थाप मारली. छबी रांगत माझ्याकडे आली आणि साडीला धरून उभी राहू लागली, तशी मी मागे सरकले. ती पडली, रडली. वहिनीने तिला उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मुंबईची जागा मिळणार म्हणून हिला आता पोर नकोसं झालं, असं तिला वाटलं असावं. तसं ती बोलली नाही, पण ताट वाढताना माझं ताट तिने जरा आपटलंच. मी ते ताट घेऊन सगळ्यांपासून लांब, दाराशी बसले. सांगावं तर घर घाबरणार, शिवाय अंगातच दोष असलेल्या मुलीला कोण प्रयोगशाळेत घेणार? न सांगावं तर हे पोर माझ्याभोवती रांगतंय.

सकाळी मी नाडकर्णीबाईंसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग कपाटातून हातात धरायचं लहान यंत्र काढलं, त्याची नळी माझ्या केसांवरून, गळ्यावरून, हातांवरून सावकाश फिरवली. टिक. टिक. पावलांपर्यंत काही नाही. मी श्वास सोडला. मग नळी माझ्या खांद्यावरच्या पिशवीजवळ आली, आणि यंत्र कढईत मोहरी तडतडावी तसं तडतडलं.

पिशवीत नमुन्यांच्या कपाटाच्या किल्ल्या असत, म्हणून ती मी कधी अंगावेगळी करत नसे. डबा खातानाही ती बरोबर असे. बाईंनी किल्ल्या बाहेर काढल्या. त्या गप्प. डबा काढला. तो गप्प. डबा ज्या फडक्यात बांधला होता ते फडकं बोललं. धोतराचा जुना मऊ तुकडा, त्यावर हिरवट पिवळे, धुवूनही न गेलेले बारीक ठिपके.

"हे कुठलं?" बाईंनी विचारलं.

ते दादाचं होतं. रात्री दिसावीत म्हणून घड्याळांच्या काट्यांना आणि आकड्यांना चमकणारा रंग देतात, तो देताना ब्रश पुसायचं फडकं. आईच्या लेखी फडकं ते फडकं. हाताला येईल तो धुतलेला तुकडा ती डब्याला बांधायची, म्हणून कधी टिकटिक वाढायची, कधी नाही. गार्ड, ड्रायव्हर, चिकूच्या वाड्यांचे मालक इराणी, सगळ्यांना अंधारात चमकणारे काटे हवे असत. जुन्या घड्याळाचा रंग उडाला की दादा तो पुन्हा भरून द्यायचा. हात स्थिर लागतो म्हणून हे काम तो दुकानात न करता घरी, ओटीवरच्या टेबलाशी करायचा. मी लहान असताना आम्ही नव्याने रंगवलेलं घड्याळ घेऊन भरदुपारी गोधडीत शिरायचो आणि तो हिरवा उजेड बघत बसायचो. अलीकडे दादा छबीला तसंच गोधडीत घेऊन बसायचा. काच अजून बसवलेली नसे, ती काटे धरायला जायची.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, आणि सांगता सांगताच मला काय ते कळलं. त्यांनी यंत्र उचललं. आम्ही जीपही न बोलावता चालत माझ्या घरी निघालो.

दुपारची वेळ. शेजारच्या अंगणात झोडणी चालली होती, पेंढ्या फळीवर आपटल्याचा आवाज येत होता. बाईंनी आईला नमस्कार केला आणि घरात थोडं मोजायचं आहे एवढंच सांगितलं. पाण्याचा माठ, चूल, तांदळाचा डबा, पाळणा. यंत्र शांत होतं. पाळण्यातल्या दुपट्याजवळ ते जरा बोललं. वहिनीचा चेहरा उतरला. हे काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण यंत्राचा आवाज कुठे वाढला ते तिला कळलं होतं. बाईंनी छबीचा हात हातात घेतला. बोटांपाशी टिकटिक वाढली. 

ओटीवर दादा कामात होता. जेवायला घरी आला होता आणि एका गार्डाचं घड्याळ संध्याकाळच्या गाडीआधी द्यायचं म्हणून बसला होता. टेबलाजवळ जाताच यंत्राच्या टिकटिकीचा एकच लांब आवाज झाला. दादाने वर पाहिलं, हसून बाईंना बसा म्हणाला, आणि ब्रशचं टोक बारीक करायला, जसं तो वर्षानुवर्षं करत होता तसं, ब्रश ओठांत धरला.

"दादा, थांब," मी म्हणाले. "तोंडात घालू नकोस."

तो थांबला. ब्रश तसाच ओठांपाशी. "का गं? विष आहे का?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "वसंतराव, तो ब्रश आधी खाली ठेवा. मग सांगते."

त्यांनी सांगितलं ते सगळं त्याला पटलं नाही. लोक हे मनगटावर बांधून फिरतात, कोण मेलं, असं तो म्हणत राहिला. बाईंनी शांतपणे समजावलं की काचेआड असतं तोवर निराळं. हा रंग रेडियमचा, पोटात गेला तर हाडांत जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. परदेशांत कारखान्यांतल्या मुली असाच ब्रश ओठांत धरत, त्यांचे जबडे गेले. दादाने हळूच हात जबड्याला लावला. तो लावलेला मी पाहिला आणि त्याने मला पाहताना पाहिलं.  वहिनी छबीला घेऊन ओटीच्या दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "हिच्या पोटात गेलंय का?"

पुढचे दिवस आठवतात ते तुकड्यातुकड्यांनी. रंगाची बाटली, ब्रश, फडकी, गोधडी, टेबलाची फळीसुद्धा उपटून पत्र्याच्या पेटीत बंद झाली आणि जीपने मुंबईला गेली. जमीन ओल्या फडक्याने पुसायची, मोजायची, पुन्हा पुसायची. छबीची नखं कापली, हात साबणाने धुतले, मग बोटांपाशी यंत्र गप्प झालं. पण आतलं कसं बघायचं? पोटात गेलं असेल तर ते शी-शूतून बाहेर येणार, म्हणून तिचे लंगोट बंगल्यावर नेले. भट्टीत मी स्वतः जाळले. तांदळाची राख पसरायची त्याच थाळीत माझ्या भाचीच्या लंगोटांची राख पसरली. बाई म्हणाल्या मी करते, मी नको म्हटलं. थाळी आत सरकवली आणि आम्ही दोघी बसलो. बाहेर पोपटांचा थवा ओरडत गेला. टिक. बराच वेळ काही नाही. टिक. मोजणी संपली तेव्हा आकडा रिकाम्या थाळीएवढाच होता. बाईंनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेवढाच. मग त्यांनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत बसल्या.

मी धावत घरी गेले. वहिनी आत तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं, काही नाही, छबीत काही नाही. तिने सूप बाजूला ठेवून माझ्या गळ्याला मिठी मारली आणि ताट आपटल्याबद्दल काही तरी पुटपुटली. दादाही तिथेच होता. त्याने मान डोलावली आणि बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला. त्याची मोजणी व्हायची होती.

ती मुंबईत झाली. हाडांतल्या रेडियममधून एक वायू निघतो, तो श्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणून त्याला स्वच्छ हवा भरपूर घ्यायला लावून मग एका पिशवीत फुंकायला लावलं. निकाल यायला काही आठवडे लागले. तोवर सुगी संपली, कणग्या भरल्या, लोक लग्नं ठरवू लागले. आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आई आरशासमोर उभ्या असलेल्या दादाला बघायची आणि त्याने तोंड उघडून दात बघितले की आत निघून जायची. निकाल घेऊन नाडकर्णीबाई स्वतः आल्या. ज्यांना आजार झाला त्यांच्यापेक्षा खूप कमी आहे, त्या हसून म्हणाल्या. मी विचारलं, आणि आपल्यापेक्षा? त्यांचं हसू तसंच राहिलं. जास्त, म्हणाल्या.

माझं नाव त्यांनी पाठवलं होतं. यंत्राने दिलेल्या आकड्यापासून जी पळाली नाही ती मला हवी, असं त्या म्हणाल्या. मी पळाले नव्हते हे खरं नाही, दाराशी ताट घेऊन बसले होते की. पण मी गेले. पुढचं सगळं आयुष्य त्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. यंत्रं बदलली, टिकटिक जाऊन आकडे उजेडाने उमटू लागले, पूर्वी ज्याचा मागमूस लागला नसता तेही मोजता येऊ लागलं. माझी भीती त्यामुळे कमी झाली नाही. तिला फक्त कामाला लावता आलं.

दादा सत्तरी ओलांडून हृदयविकाराने गेला. पन्नाशीच्या आत त्याचे खालचे दात पडले होते. ते रंगामुळे की असेच, हे सांगता येईल असं कुणी मला भेटलं नाही, आणि मी स्वतःही सांगू शकत नाही.

मला सांगायचं आहे ते साठच्या दशकाच्या अखेरचं. दरवर्षी दादा डहाणूहून गाडीने यायचा, पिशवीत फुंकायचा आणि परत जायचा. तोवर बाईही मुंबईला परतल्या होत्या, त्या त्याला बघून हसायच्या, सगळं ठीक म्हणायच्या. एका वर्षी त्या रजेवर होत्या आणि मोजणी मी केली. काम झाल्यावर आम्ही उपाहारगृहात चहा घेत बसलो. दादा म्हणाला, इतकी वर्षं फुंकतोय, पण आकडा कधी विचारला नाही. मी सांगितला. गेल्या वर्षीपेक्षा जरासा कमी होता.

"म्हणजे मी वाचलो का?" त्याने विचारलं.

एवढं शिकून, एवढी यंत्रं हाताळून, त्याला द्यायला माझ्यापाशी एकच उत्तर होतं. "माहीत नाही, दादा. कुणालाच माहीत नाही."

मला वाटलं तो खचेल. त्याने बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली. "बरं झालं," तो म्हणाला. "बाई हसून ठीक म्हणायच्या ना, तेव्हा मला जास्त भीती वाटायची."

आणि मग तो बोलू लागला. एवढ्या वर्षांत प्रथमच. दात दुखला की रात्र कशी जाते, गार्ड मंडळी दुकानात येऊन रंग भरून मागतात तेव्हा काय काय थापा मारून त्यांना परतवावं लागतं, ते सगळं. गाडीची वेळ झाली तरी तो उठला नाही. शेवटी आवाज अगदी खाली आणून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून त्याने सांगितलं, की त्या सुगीपासून त्याने छबीचा एकदाही मुका घेतला नव्हता. ओठ लागतील म्हणून. पोर आता शाळेत जायला लागली होती.

मी त्याला सांगितलं की मुका घेतल्याने काही होत नाही, ते मात्र नक्की माहीत आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून रडला.